मागचं ठाणं

कवठघाट, १८ फेब्रुवारी २०२४

चेतना,

माझा नंबर तू ब्लॉक केलास. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हे पत्र. तुझ्या पुण्याच्या होस्टेलचा पत्ता वर्गातल्या आशिषकडून घेतला. त्याच्यावर चिडू नकोस. पत्ता सांगेपर्यंत मी त्याच्या गाडीची किल्ली खिशात ठेवली होती.

आधी मुद्द्याचं. मी खोटं बोललो नव्हतो. ऑगस्टमध्येही नाही, आजही नाही. तुला राग आला तो माझ्या तोंडाचा. तोंड माझं वाईट आहे, सगळ्या विभागाला माहीत आहे. पण वाईट तोंडातून खरी गोष्ट निघू शकते की नाही?

विजयमालाबाई तुझं दैवत आहेत, असू देत. संस्कृत आणि हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, दोन्हीत रमणारी, जिल्ह्यातला एकेक शिलालेख स्वतः जाऊन बघितलेली, निवृत्त झाल्यावरही आपल्याला फुकट शिकवायला येणारी बाई मीसुद्धा दुसरी पाहिली नाही. म्हणून तर उठलो. कुणा फालतू माणसाचं पुस्तक चुकलं असतं तर मी वर्गात मागच्या बाकावर झोपलो असतो.

त्यांचं पुस्तक कवठघाटला आम्ही बिरोबा म्हणून पुजतो त्या लेख कोरलेल्या शिळेवर उभं आहे. शिळा इथं, म्हणजे शिळेवर लिहिलेलं विद्वानांचं ते जुनं गाव इथं, म्हणजे ते आमच्या गावामागच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडाखाली, असं बाई म्हणतात. तुझी पीएच.डी.सुद्धा त्याच टेकाडावर, त्यासाठीच तू पुण्याहून सोलापूरला बाईंच्या तासांना येऊन बसायचीस. मी वर्गात एवढंच म्हणालो, की शिळा इथली नव्हे. उजनी धरणाचं पाणी चढलं तेव्हा खालच्या जुन्या गावातनं ती बैलगाडीत घालून वर आणली.

बाई म्हणाल्या, "कुणी सांगितलं?"

"माझ्या आत्तीनं."

वर्ग हसला. तूही हसलीस. मी बघितलं.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग तिलाच विचारू की." रविवारी अख्खी गाडी भरून तुम्ही आमच्या गावात आलात. बाई देवळात, देवासमोर मांडी घालून बसल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि मायाक्काआत्तीला विचारलं, "ही शिळा इथं कधीपासून?" आणि माझ्या सख्ख्या आत्तीनं, जिनं मला महिन्याभरापूर्वी बांधावर बसून सगळं सांगितलं होतं, पदर सावरून सांगितलं, "पैल्यापासनं हितंच हाय की बाई."

मग मी जे बोललो ते बोललो. 'चाळीस वर्षं खोट्यावर पगार खाल्ला' हे वाक्य जरा जास्त झालं. त्यावर तू गाडीच्या दारात उभी राहून म्हणालीस, "पुरावा नसेल तर तोंड बंद ठेवायला शीक, बिरू."

दुसऱ्या दिवशी मी कॉलेज सोडलं. बाबा म्हणाले, "वर्षात एम.ए. झाला असतास, आता एक्स्पोर्टची केळी धू." तर केळी धुतोय. पण पुरावा आणीन. आणि तो तुझ्याच हातात देईन, दुसऱ्या कुणाच्या नाही.

सोबत शेंगाचटणी पाठवतोय. पुण्यात जी मिळते तिला चटणी म्हणत नाहीत.

बिरुदेव

---

कवठघाट, १० मार्च

चेतना,

उत्तर नाही. चटणी परत आली नाही, म्हणजे खाल्लीस. एवढं मला पुरे.

आत्तीशी मी ऑगस्टपासून बोलत नव्हतो. तिच्या हातची भाकरी खायचो आणि तिच्याशी बोलायचो नाही, आमच्या घरात असंच भांडतात. परवा बॅकवॉटरच्या कडेला मोटार पाणी ओढेना म्हणून पाइप पुढं न्यायचं काम चाललं होतं. आत्ती जेवण घेऊन आली. मी पाइपवर बसलेलो, ती समोर दगडावर. मी विचारलंच.

"आत्ती, त्या दिवशी चारचौघांत मला का पाडलंस?"

"म्या कुटं पाडलं?"

"देव पैल्यापासनं हितंच हाय म्हणालीस की."

"मग काय सांगू? देवाच्या म्होरं बसून, देवाला ऐकू जातंय असं, मागचं ठाणं सांगू? येडा हायस का शाना?"

मला काही कळेना. मग तिनं सांगितलं. नीट वाच, चेतना, हे कुठल्या पुस्तकात नाही. गाव उठलं तेव्हा माझ्या आज्यानं देव हलवायच्या आधी नारळ फोडला आणि सगळ्या गावाकडनं वचन घेतलं. वर गेल्यावर देवासमोर मागच्या ठाण्याचं, म्हणजे देवाच्या आधीच्या जागेचं, नाव कुणी काढायचं नाही. काढलं तर देवाला आठवण होते आणि देव माघारी फिरतो. माघारी म्हणजे कुठं? पाण्यात.

"आन् देव पाण्यात गेला तर गाव वर कशाला ऱ्हायचं?" आत्ती म्हणाली. "म्हून देवळात ह्यो इषय न्हाय. भाईर इचारलं असतं तर तुज्या बाईला बी सांगितलं असतं. तिनं भाईर इचारलंच न्हाय."

आत्ती तेव्हा परकर-पोलक्यातली पोर. गाडीत देवाच्या पाठीला पाठ लावून बसली होती, देव डुलू नये म्हणून. आणि पुढचं ऐक. शिळा उपटताना मोडली. जमिनीतला खुंट तिथंच राहिला, वरचा भाग तेवढा गाडीत आला. हातापायांची मूर्ती असती तर मोडका देव म्हणून सोडून दिली असती. पण आमच्या देवाला तोंडही नाही, वर चंद्रसूर्य आणि खाली अक्षरं, तेवढाच देव. म्हणून चाललं.

म्हणजे खुंट खाली आहे. पाण्याखाली, गाळात, पण आहे. आणि यंदा पाऊस झालेला नाही. उजनी मायनसमध्ये गेलीय, रोज खाली चाललीय. इथं सगळे कपाळाला हात लावून बसलेत. मी एकटा रोज सकाळी काठावर जाऊन पाणी अजून किती हटलं ते बघतो आणि हसतो. बाबा म्हणतात, ह्याला कुणाकडं तरी दाखवा.

बिरुदेव

---

कवठघाट, १४ एप्रिल

चेतना!

सापडला.

जुनं कवठघाट वर आलंय. घरांचे चौथरे, उंबरे, विहिरीचं कडं, कुणाच्या तरी परसातला पाटा. पोरं येऊन सेल्फी काढतात. म्हातारी माणसं येतात आणि आपापल्या उंबऱ्यावर जाऊन नुसती उभी राहतात. आणि त्यांच्या मधून ट्रॅक्टर फिरतात, कारण धरणातला गाळ शेतात टाकायला सगळ्यांना आताच मिळतोय. जेसीबीनं उचलायचा, ट्रॉलीत भरायचा. पाटा, उंबरा, काय येईल ते ट्रॉलीत.

मी आत्तीला खाली चल म्हणालो. आली. देव वर देवळात, त्यामुळं खाली बोलायला हरकत नाही, असा तिचा हिशेब. चालत चालत एका वाळलेल्या चाफ्याच्या बुंध्यापाशी थांबली. "हितं," म्हणाली. नुसता गाळ, भेगा पडलेला. मी खोरं मारायला लागलो. तेवढ्यात मानसिंगचा जेसीबी तिकडंच वळला.

मी आडवा उभा राहिलो.

"ए बिऱ्या, बाजूला हो," मानसिंग वरून ओरडला. "गाळ काय तुज्या बापाचा हाय व्हय?"

"गाळ ने सगळा. एवढी जागा सोड."

"हितं काय पुरलंय? हंडा?"

"व्हय, हंडा. आणि तुझ्या बकेटनं फुटला तर तुझ्या डोक्यात घालीन."

भांडण झालं. शर्ट फाटला, माझा. आत्ती मधे पडली आणि मानसिंगला म्हणाली, "बाबा, तितं बिरोबाचं मागचं ठाणं हाय." झालं. मानसिंगनं इंजिन बंद केलं, खाली उतरला, चपला काढल्या आणि स्वतः खोरं घेतलं. बाहेर बोललेल्या एका वाक्यात किती ताकद असते बघ. तेच वाक्य ती ऑगस्टमध्ये देवळात बोलली असती तर तू आज माझ्याशी बोलत असतीस.

खुंट ढोपराएवढा वर आला. वरची कड मोडकी, तिरकी, एका बाजूला दात पडल्यासारखी. आणि अंगावर अक्षरं, चेतना! हळेकन्नड. कडेच्या ओळीची तर अर्धीच अक्षरं शिल्लक, खालचा अर्धा भाग. वरचा अर्धा गाडीत बसून गेला असणार.

मला ती वाचता येत नाहीत. असू दे. पुरावा वाचता येत नसला तरी पुरावाच असतो.

मे महिन्यात सोलापुरात बाईंचा गौरव समारंभ आहे ना? सभागृह भरलेलं असेल. मी व्यासपीठावर चढणार आणि ह्या खुंटाचा फोटो सगळ्यांसमोर बाईंच्या हातात देणार. एक शब्द बोलणार नाही. बघच तू.

बिरुदेव

---

सोलापूर बसस्टँड, २१ एप्रिल

चेतना,

गाडी थेट पहाटेची आहे, रात्र इथंच काढायची, म्हणून लिहितो. बाकड्यावर बसून लिहिलंय, अक्षर तसंच येणार.

व्यासपीठापर्यंत धीर निघाला नाही माझा. मी आज थेट बाईंच्या घरी गेलो. खरं सांगायचं तर मला त्यांचा चेहरा जवळून बघायचा होता. सभागृहात लांबून दिसला नसता.

जाताना जुळे सोलापूरवरून गेलो. रस्ता नव्हता तो, पण गेलो. तुझे बाबा गेटपाशी स्कूटर पुसत होते. मी उगाच हळू झालो तर म्हणाले, "कोण पाहिजे?" "कुणी नाही काका, पत्ता चुकलो." त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि म्हणाले, "बाईंना बोललास तो तूच ना? पत्ता तुझा तेव्हाच चुकला." तुझं घराणंच फटकळ आहे.

बाई दारातच उभ्या होत्या. "ये," म्हणाल्या, कालच वर्गातून गेल्यासारखं. मी बसलो नाही. फोटो पुढं केला. चेहरा बघत राहिलो.

त्यांनी फोटो खिडकीपाशी नेला. डोळ्यांजवळ धरला. मला वाटलं, आता रडतील, किंवा मला बाहेर काढतील. दोन्हीला मी तयार होतो. त्या म्हणाल्या, "खाली आणखी ओळी आहेत का रे? गाळात?"

"असतील."

"ठसा घेतलास?"

"मला येत नाही."

"शिकवला होता मी. ओला कागद, कुंचला, शाईचा बोळा. त्या दिवशी तू चेतनाकडे बघत बसला होतास."

मग पेटलोच. म्हणालो, "बाई, तुमचं पुस्तक पडतंय. तुम्हाला राग येत नाही?"

"येतोय की. तुझा नव्हे, माझा." आणि आतून एक लांब पत्र्याची नळी आणि फणीसारखा ताठ केसांचा कुंचला घेऊन आल्या. "पण राग घेऊन जागेवर जाता येतं. घरात बसून राग धरला की माणूस लेख लिहायला घेतो. मी तसले लेख वाचलेत. उद्या पहिली गाडी कितीला आहे?"

खुंटाला लावून बघायला मी त्यांना शिळेचा जुना ठसा मागितला. कवठघाटला त्या पहिल्यांदा आल्या तेव्हाचा, शिळा अजून सिमेंटच्या चौथऱ्यात बसवली नव्हती तेव्हाचा. त्यात खालची मोडकी कड पूर्ण दिसते, म्हणाल्या. आता ती कड चौथऱ्यात गेलीय, कुणालाच दिसणार नाही.

"मग द्या की."

"माझ्याकडे नाही. चेतनाकडे आहे, पुण्यात. तिच्या अभ्यासासाठी दिला."

म्हणजे ह्या वादाचा अर्धा भाग तुझ्या कपाटात आहे. आणि तू चटणी खात बसलीयस.

बिरुदेव

---

कवठघाट, २६ एप्रिल

चेतना,

सगळं सांगतो. मधे थांबू नकोस.

बाई आल्या. मोहोळला गाडी अर्धा तास थांबली, तिथं चहा घेताना मी विचारलं, की तुम्ही ह्या कामाला लागलात कशा. मला वाटलं होतं मोठं भाषण ऐकावं लागेल. त्या बशीतला चहा फुंकत म्हणाल्या, "वडील अक्कलकोटच्या बाजूच्या एका देवळात पूजेला. त्यांना मुलगा नव्हता. त्यांचं संस्कृत कुणाला तरी द्यायचं होतं, ते मला दिलं. कन्नड आईचं, शांतम्माचं. आई अडाणी, पण भांडायची अस्सल कन्नडमध्ये. शिलालेखातले शाप मला पहिल्या वाचनात कळतात ते तिच्यामुळं."

पहिल्या उत्खननाला त्यांना घेतलं नव्हतं. बायकांच्या तंबूची सोय नाही, म्हणाले. तर त्यांच्या आईनं सोलापुरी चादरी एकमेकींना शिवून तंबू केला आणि तो खांद्यावर घेऊन बाई खंदकापाशी जाऊन उभ्या राहिल्या. "लांबून चादरींवरचे मोरच मोर दिसायचे," म्हणाल्या. "साहेब हसले, पण हसलेल्या माणसाला नाही म्हणता येत नाही." पुढं गावोगाव एकट्या फिरल्या. कुठं लोकांना वाटायचं गुप्तधनवाली आली, कुठं वाटायचं पुनर्वसनाच्या ऑफिसातली. कवठघाटला तर बायका जमिनीची गाऱ्हाणी घेऊन आल्या. बाईंनी दिवसभर त्यांचे अर्ज लिहून दिले आणि संध्याकाळी माझ्या आज्यानं देवाचा ठसा घ्यायची परवानगी दिली. शाई फक्त कागदाला लागेल, देवाला नाही, ह्या अटीवर.

चेतना, मी त्या बाईला म्हणालो होतो, पगार खाल्ला.

बरं. पुढं.

खाली गाळात त्या अनवाणी उतरल्या. मी हात दिला तर झिडकारला. "भेगा मला तुझ्यापेक्षा जास्त कळतात." खुंटापाशी चक्क बसकण मारली, पांढऱ्या लुगड्यासकट. आधी कपड्यानं पुसला, मग कागद ओला करून त्यावर बसवला आणि कुंचल्यानं ठोकायला लागल्या. ठक ठक ठक ठक. कागद अक्षरांत शिरत गेला. मग बोळा मला दिला. "घाबरू नकोस, पण घाई पण नको. तुला दुसरं जमत नाही." मी शाई लावली. काळ्यात पांढरी अक्षरं उमटत गेली. मला तेव्हा तू आठवलीस, आणि ते तुला लिहिणार नव्हतो, पण लिहिलं.

बाई तिथंच वाचायला लागल्या. ओठ हलत होते. दान दिलेल्या जमिनीच्या सीमा आहेत, म्हणाल्या. पूर्वेला तळं, दक्षिणेला रस्ता. मग थांबल्या. उजवा हात वर करून पलीकडं दाखवला, जिथं जुन्या नदीचं पात्र होतं. "पश्चिमेला नदी," म्हणाल्या. "तुमच्या वरच्या गावाच्या पश्चिमेला काय आहे?"

"माळ."

"हं." मग म्हणाल्या, "टेकाडावर मी खंदक घेतला होता. काही सापडलं नाही. मी लिहिलं, पावसानं धुपून गेलं. चेतना तेच पुढं लिहितेय. गाव इथं होतं, बिरू. मी कवठघाटला पोचले तेव्हा ते पाण्यात गेलेलं होतं, आणि मी त्याच्या काठावर बसून चाळीस वर्षं माळ उकरला."

आणि हसल्या. खरंच हसल्या. म्हणाल्या, "ह्या ओळी कायमच्या गेल्या असं मी छापलंय. आणि ह्या इथं गाळात ताज्यातवान्या!" एखाद्याचं हरवलेलं पोर जत्रेत सापडावं तशा त्या खुंटावर हात फिरवत होत्या. ज्या माणसावर मी इतके महिने रागावलो होतो, ते माणूस ह्या बाईंत नव्हतंच.

नंतर देवळात गेल्या. मी म्हणालो, आता विचारा आत्तीला, आता ती... त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं. देवासमोर हात जोडले, भंडारा लावला, काही न विचारता बाहेर आल्या. आत्ती खांबापाशी उभी राहून बघत होती. बाई केळीच्या बागेत जाऊन बांधावर बसल्या तर आत्ती आपणहून चहा घेऊन मागं आली. आणि सगळं सांगितलं. गाडी, पाठ, नारळ, वचन.

बाई ऐकून म्हणाल्या, "मायाक्का, मी गावोगाव मुद्दाम देवासमोर बसून विचारायची. वाटायचं, देवासमोर माणूस खोटं बोलणार नाही."

आत्ती म्हणाली, "देवाम्होरं माणूस देवाला बरं वाटंल त्येच बोलतंय, बाई. खरं बोलायला बांध बरा."

बाईंनी हे लिहून घेतलं नाही. नुसत्या मान हलवत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "आता किती गावांत परत जायला लागेल रे?"

बिरुदेव

---

कवठघाट, ४ मे

चेतना,

ह्या पत्राबरोबर पत्र्याची नळी आहे. आत ठसा आहे, खुंटाचा. आधी पत्र वाच, मग नळी उघड.

मी बाईंना म्हणालो, झालं की, नदी सापडली, सीमा सापडल्या, आता लिहा. बाई म्हणाल्या, "नाही. हा तुकडा दुसऱ्याच शिळेचा असला तर? नदीकाठी एकच शिळा असते असं कुणी सांगितलंय? कड जुळली पाहिजे. मोडलेल्या ओळीचा वरचा अर्धा माझ्या जुन्या ठशात आहे, खालचा ह्यात. दोन्ही कागद एकाला एक लागले आणि अर्धी अक्षरं पुरी झाली, तर माझं पुस्तक चुकलं. नाही लागले, तर तू."

"मग पुण्याला जाऊन जोडूया."

"मी नाही जोडणार. तूही नाही. मला ते चुकीचं निघायला नकोय आणि तुला ते बरोबर निघायला हवंय. आपण दोघंही बाद. चेतना जोडेल."

मी फोटो पाठवतो म्हणालो तर म्हणाल्या, फोटोत कड वाकडी येते, जुळणी कागदाला कागद लावूनच होते. गौरव समारंभाला त्या काय बोलणार ते तुझ्या उत्तरावर ठरणार आहे. जुळलं, तर व्यासपीठावरून स्वतः सांगणार, की टेकाडाखाली काही नाही. त्यांनी आयोजकांना भाषणाचा विषय अजून कळवलेला नाही. आयोजक हैराण आहेत.

आता तुझं. मला माहीत आहे जुळलं तर काय होईल. टेकाडावरचं तुझं सगळं काम गेलं. नकाशे, प्रकरणं, मार्गदर्शकांपुढं मांडलेली रूपरेषा. फेब्रुवारीत मी लिहिलं, पुरावा तुझ्या हातात देईन. तेव्हा मला वाटत होतं, हातात देणं म्हणजे जिंकणं. कुणाच्या तरी हातात असं काही द्यायचं म्हणजे काय ते मला बाईंबरोबर गाळात बसल्यावर कळलं.

म्हणून ठसा एकच काढला. बाई दुसरा काढ म्हणाल्या होत्या, मीच नको म्हणालो. शिव्या घातल्या त्यांनी, "हा अडाणीपणा आहे, पद्धत नाही ही," असं बरंच. खरं आहे. पण ऐक. वर घाटमाथ्यावर पाऊस पडला की खुंट परत पाण्यात जाणार आहे. पुन्हा कधी वर येईल कुणास ठाऊक. आत्ती देवळात कधीच सांगणार नाही. म्हणजे तू 'नाही जुळलं' एवढे दोन शब्द कळवलेस तर तुझा प्रबंध जागेवर, बाईंचं पुस्तक जागेवर, आणि मी खोटारडा. मी तोंड उघडणार नाही. उघडलं तर मला बिरुदेव म्हणू नकोस.

बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "एवढा विश्वास? कशावरून?"

मी म्हणालो, "ती माझ्यावर गाडीच्या दारात ओरडली, तेव्हा तिला भयंकर राग आला होता. एवढ्या रागातसुद्धा ती मला खोटारडा म्हणाली नाही. म्हणाली, पुरावा नसेल तर. त्या 'नसेल तर'वर मी तेव्हापासून उभा आहे."

बाईंनी ठसा गुंडाळून नळीत घातला. मग म्हणाल्या, "जूनमध्ये प्रवेश परत सुरू होतात. पहिल्या बाकावर बसायचं." म्हणजे जुळलं तरी, नाही जुळलं तरी. ते मी अजून ठरवलेलं नाही. बहुतेक बसेन. केळी धुऊन झालीत.

आता नीट वाच. टेबल पूर्ण मोकळं कर. हात कोरडे ठेव. नळीचं झाकण एकाच बाजूनं उघडतं, तिथं मी दोरा बांधलाय. कागद ओढू नकोस, नळी तिरकी धर, तो आपला आपण येईल. बाईंचा जुना ठसा वर, हा खाली. डाव्या बाजूला दात पडल्यासारखी जागा आहे, तिथून सुरुवात कर. पंखा बंद कर.

मग जोड.

बिरू